सांगू नये असं स्वप्न

लीड्स, २४ जानेवारी

शशे,

फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड. पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंच असशील, चौथीत होतं तसंच आहे. थोडं तिरकं झालंय, कारण हल्ली वही धरायला दुसरा हात नाही. तो मोडलाय. पण तब्येत अगदी छान आहे आणि मी इतकी खुशीत आहे म्हणून सांगू. अतुलची बायको रचना दोनदा येऊन विचारून गेली, "आई, दुखण्याच्या गोळ्या जास्त तर नाही ना घेतल्या तुम्ही?"

आपलं भांडण झालं तेव्हा अतुलची दिया आठ महिन्यांची होती. तिला सांभाळायला म्हणून मी इकडे निघाले, आणि तू एस.टी. स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणालीस, "आई म्हणून नाही गं, आया म्हणून नेतायत तुला." मीही त्यावर काही कमी बोलले नाही. ते आता उगाळत नाही. सांगायचं एवढंच, की ती दिया आता मोठी झाली, हॉस्पिटलात हाडांचे फोटो काढायच्या मशीनवर कामाला आहे, स्वतःच्या फ्लॅटवर एकटी राहते आणि दर गुरुवारी मला भाजी आणायला नेते. म्हणजे आपलं भांडणही कमावतं झालं म्हणायचं.

शरद ऋतूत ती गाडी चालवायला शिकली. लाल गाडी घेतली, जुनीच, पण एवढीशी गोड, की मी आत बसले की गुडघे हनुवटीला लागतात. हात मोडला त्या गुरुवारी थंडी कशी पडली होती ते तुला कराडात बसून कळायचं नाही. झाडं, कुंपणं, लोकांचे कचऱ्याचे डबेसुद्धा पिठीसाखर भुरभुरल्यासारखे. इकडे मोठ्या रस्त्यावर कौन्सिलची लॉरी येऊन मीठ टाकून जाते. पहिल्या वर्षी मी बघितलं तेव्हा मला वाटलं, रस्त्याची दृष्ट काढतात. मी अतुलला म्हटलं, बरी आहेत की ही माणसं. तो पोट धरून हसला. बर्फ होऊ नये म्हणून असतं ते. पण आमच्या चढावरच्या गल्लीत लॉरी येत नाही. तिथे जो बर्फ होतो त्याला हे लोक काळा बर्फ म्हणतात. काळा कुठला, तो दिसतच नाही, हीच तर त्याची खोड.

आम्ही उतारावरून अगदी हळू येत होतो. दिया म्हणाली, "आजी, बघ, सगळा जग व्हाइट." आणि मागून एक व्हॅन आली, तिला थांबताच आलं नाही, धपकन आम्हाला लागली.

शशे, त्यानंतर आवाजच नव्हता. गाडी आपली आपण निघाली. चाकं फिरत नव्हती, तरी आम्ही चाललो होतो. गाडीनं सावकाश तोंड फिरवलं, मग पाठ फिरवली, मग परत तोंड. पांढरी कुंपणं आमच्याभोवती फेर धरल्यासारखी गेली. मला वाटलं, आपण अंगणातल्या झोपाळ्यावर आहोत आणि कुणीतरी मागून हलकाच झोका दिलाय. ऊनसुद्धा आमच्याबरोबर फिरत होतं. मग एका झुडपात जाऊन गाडी टेकली. मी समोर हात टेकवला होता, तो मनगटात मोडला. तेवढंच.

व्हॅनवाला आमच्यापेक्षा जास्त थरथरत होता. पोरसवदाच होता. त्यानं स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर घातलं आणि "सॉरी लव्ह, सॉरी लव्ह" करत राहिला. इकडे सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात, बसवालासुद्धा, मनाला लावून घ्यायचं नाही. दिया मात्र पांढरी पडली होती. हॉस्पिटलात माझ्या हाताचा फोटो तिच्या मैत्रिणीनं काढला. ही दाराबाहेर उभी होती. हाड दिसलं तशी भिंतीकडे वळली. तेव्हापासून तिनं गाडीला हात लावलेला नाही. बसनं येते.

आणि त्या रात्रीपासून मला रोज पहाटे तेच घसरणं स्वप्नात दिसतं. पुढे काय होतं ते विचारू नकोस. आई काय सांगायची ते आठवतं ना? वाईट स्वप्न पडलं तर उठल्या उठल्या न्हाणीत जाऊन वाहत्या पाण्याला सांगून टाकायचं. आणि तसं नसलं तर ओठ शिवायचे, बरं होतं एवढंसुद्धा म्हणायचं नाही, नाहीतर फळ गेलं. तू सायकलचं स्वप्न शाळाभर सांगत सुटलीस आणि सायकल दादाला मिळाली, ते विसरलीस का?

मी अजून एकदाही नळ सोडून बसलेली नाही. यावरून काय समजायचं ते समज.

तुझी,
गिरिजाक्का


लीड्स, ९ फेब्रुवारी

शशे,

उत्तर नाही आलं. हरकत नाही. पत्र फाडलंस तरी पोस्टमन तुझ्या दाराशी आला असेल, कडी वाजली असेल, तेवढंही मला पुरतं.

इकडे माझ्या हाताची केस झाली आहे. म्हणजे भांडण नाही. व्हॅनवाल्याची चूक होती, त्याच्या विमा कंपनीनं ती मान्यही केली, तर माझ्या दुखण्याची भरपाई त्यांनी द्यायची. अतुलला या सगळ्याचा फार उत्साह. लहानपणी पतंगाचा मांजा कसा करायचा, जीभ बाहेर काढून, तसा तो वकिलाला मेल लिहितो. मी म्हटलं, "अरे, हाड जुळलं की झालं." तर म्हणतो, "आई, नुसतं हाड नसतं. मनाला धक्का बसला तर त्याचीही भरपाई असते." मनाचीही देतात म्हणे. आपल्याकडे हे कुणी सांगितलं असतं तर गावात निम्म्या बायका रांगेत उभ्या राहिल्या असत्या.

तर परवा तपासणी झाली. लॅपटॉपवरच. एका चौकोनात गोरी डॉक्टरीण, पिकलेले केस, चेहरा फार मायाळू. दुसऱ्या चौकोनात नीना, ती बर्मिंगहॅमला असते, माझं तिला इंग्रजीत सांगायला आणि तिचं मला मराठीत. घरच्या माणसानं मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून अतुलला खोलीबाहेर काढलं. तो स्वयंपाकघरात कान लावून उभा होता. फोडणी जळाल्याचा वास मला इथपर्यंत आला.

हाताचं सगळं सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता गाडीत बसता का?"

म्हटलं, "नाही बसले तेव्हापासून." खरंच की. दिया गाडी काढतच नाही तर बसणार कुठे?

"अपघात स्वप्नात येतो का?"

"येतो की. रोज पहाटे."

नीनानं ते सांगितल्याबरोबर बाईंनी पेन उचललं. "काय दिसतं?"

मी गप्प.

नीना म्हणाली, "आजी, सांगा ना. इथलं कुठे बाहेर जात नाही."

मी म्हटलं, "बाई गं, जावो नाहीतर न जावो, ते बोलायचंच नसतं."

"थोडंसं तरी? सुरुवात तरी?"

मी मान फिरवली. आणि काय झालं, मान फिरवली तशी पहाटेचं सगळं डोळ्यांपुढे आलं आणि पाणी आलं डोळ्यांत. डॉक्टरीणबाईंनी आपल्या हातातला कागदी रुमाल पडद्यापुढे धरला. मला पोचणार नाही हे कळलं तरी बिचारीनं हात मागे घेतला नाही. "टेक युअर टाइम" म्हणाल्या. तेवढं मलाही कळतं. फार चांगल्या आहेत गं. मी त्यांना तीळगूळ पाठवणार होते, तर अतुल म्हणाला की लाच होईल.

दिया गुरुवारी आली होती. कोथिंबीर आणली, माझी वेणी घालून दिली. एका हातानं वेणी येत नाही ना. तिची बोटं मशीनवाल्यांसारखी नेमकी आहेत, पण मध्येच थांबली. "आजी, मी थोडी लेफ्टला घेतली असती तर?" म्हटलं, "तर उजवीकडची बट सुटली असती, नीट घाल." तिला हसू आलं नाही.

गिरिजाक्का


लीड्स, ६ मार्च

शशे,

तुझं कार्ड आलं. मी दारातच वाचलं, मग आत येऊन वाचलं, मग जेवताना भाताजवळ उभं करून ठेवलं. एवढ्या वर्षांनी तू एवढंच लिहिलंस, "कोणता हात? नीट लिही. शशी." अगं, डावा. डावा मोडला, म्हणून तर लिहिता येतंय. प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय, आईच्या मनगटासारखं दिसतं. बांगडी कोपरापर्यंत जाते.

आता ऐक. माझ्या हातून भलतंच झालंय.

डॉक्टरीणबाईंचा रिपोर्ट आला. तो वाचून, सगळं खरं आहे असं म्हणून मी सही करायची, मग तो समोरच्या कंपनीकडे जातो. गुरुवार होता, दिया चहा पीत बसली होती. अतुलनं मोठ्यानं मराठी करत वाचला. रोज पहाटे अपघाताचं स्वप्न पडतं. त्याबद्दल बोलण्याचीही ताकद बाईंच्यात नाही. विषय काढला की मान फिरवतात, डोळे भरतात. तेव्हापासून गाडीत बसलेल्या नाहीत. मनावर खोल आघात आहे.

शशे, शब्द न शब्द खरा, आणि सगळं मिळून खोटं.

अतुल खूश. "आई, केस एकदम स्ट्राँग झाली." दियानं कप खाली ठेवला, बशीवर नाही, टेबलावरच.

"आजी, तू रोज रात्री घाबरते?"

"नाही गं. तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

आणि मी ओठ मिटले. आईची सवय अशी हाडात गेलेली, की पोर समोर पाणावल्या डोळ्यांनी बघत्येय आणि मी गप्प. मी गप्प बसते हेच तर त्या कागदावर लिहिलं होतं. तिला अजून काय पुरावा हवा?

"माझा चूक होता," ती म्हणाली. अतुल म्हणाला, "वेडी आहेस का, व्हॅनवाल्याची होती, त्यांनी मान्य केलंय." ती म्हणाली, "बाबा, आजीला मी बसवलं होतं गाडीत." उठली, माझ्या पायाशी वाकली, उगाचच, आणि गेली. रचनाकडून कळलं की गाडी विकायला काढलीय. त्यानंतरचे गुरुवार रिकामे गेले. "शिफ्ट आहे" असा मेसेज येतो. मी खिडकीत बसते. बस थांबते, माणसं उतरतात, दियासारखी लाल टोपीवाली एकही नाही.

तुझं ते एस.टी. स्टँडवरचं बोलणं आठवलं. पोरं मोठी झाली की आया कुणाला लागते, असंच ना? पण तसं असतं तर बरं होतं गं. तिला माझा कंटाळा आला असता तर मी शालीत तोंड घालून बसले असते. ती मला जपतेय. माझ्या जवळ आली की मला बर्फ आठवेल, असं तिला वाटतं.

अतुल सही मागतो. मी म्हणते, चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर असतो.

स्वप्न सांगितलं की दिया परत येईल, हे मला कळतं. पण सांगितलं की त्याचं फळ गेलं. आणि ते फळ माझ्या एकटीचं असतं तर कधीच टाकलं असतं. त्यात तुझाही वाटा आहे. याच्यापुढे काही लिहीत नाही, आधीच जास्त झालं. तुला विचारल्याशिवाय माझ्यानं टाकवत नाही. कार्ड पाठव. एक ओळ चालेल, तू काही लांबड लावणारी नाहीस.

पहाटे अजून पडतं. आज तर उन्हाचा वाससुद्धा आला.

गिरिजाक्का


लीड्स, ३ एप्रिल

शशे,

"पोरीला सांग. फळाचं बघू. शशी."

हे कार्ड घेऊनच मी घराबाहेर पडले. अतुल कामावर, रचना कामावर. एकटी कधी दोन बस बदलून गेले नव्हते, पण गेले. बसवाल्याला दियाचा पत्ता दाखवला. तो म्हणाला, "सिट डाउन लव्ह, आय'ल शाउट," आणि खरंच स्टॉप आल्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडला, की तिघं-चौघं उगाच उतरले.

इकडे आता रस्त्याकडेला पिवळी फुलं आली आहेत, कुणी लावत नाही, आपली आपण येतात. दियाच्या इमारतीखाली लाल गाडी उभी होती. काचेवर विकायचा कागद. मागचा पत्रा अजून चेपलेला. मी फोन केला. "खाली ये. किल्ली घेऊन ये."

ती तशीच चपलांत धावत आली. "आजी? कुणी आणलं तुला?"

"पायांनी. दार उघड."

"नको आजी, तू बसू नको."

"थंडी वाजतेय मला. उघड."

बसले. गुडघे हनुवटीला. तिला म्हटलं, तू तुझ्या जागेवर बस. बसली, पण हात मांडीवर, स्टिअरिंगला लावेना. मग मी सांगितलं. तिला सांगितलं म्हणजे सांगून झालंच आहे, तेव्हा आता तुलाही सांगते. ऐक.

व्हॅन लागते. आवाज बंद होतो. गाडी निघते. स्टिअरिंगवर दिया असते, पण चार वर्षांची, पुढचा एक दात नाही, फ्रॉक मी शिवलेला. पाय लोंबकळतायत, पेडलला पोचत नाहीत. ती काही धरत नाही, नुसती टाळ्या वाजवते. आम्ही घसरतो. लीड्सचा उतार संपतच नाही. पांढरी कुंपणं जातात, मग ती कुंपणं पांढरी राहत नाहीत, मेंदीची होतात. बर्फावर ऊन पडतं आणि त्याखालून शेणानं सारवलेलं अंगण दिसायला लागतं. गाडी हळूच येऊन थांबते ती आपल्या कराडच्या घरापुढे. तू ओट्यावर केस वाळवत बसलेली असतेस. केस काळेच आहेत तुझे. माझ्याकडे बघतही नाहीस. म्हणतेस, "किती गं उशीर केलास. आमटी दोनदा गरम केली." मी उतरते. दियाला कडेवर घेते. उंबऱ्यावर पाय ठेवते, आणि जाग येते.

रोज. रोज तिथेच.

दिया माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "हे स्वप्न? हे तर हॅपी आहे."

"मग काय सांगतेय?"

"आणि मी ड्राइव्ह करते?"

"तूच की. दुसरं कोण आणणार मला तिथपर्यंत?"

"चार वर्षांची? पाय नाही पोचत?" तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसतही होती. "आजी, इनशुरन्सला सांगू नको. लायसन्स घेऊन टाकतील माझं."

मग तिनं विचारलं, "आधी का नाही सांगितलं?" मी सांगितलं, आई काय म्हणायची ते, सायकल, दादा, सगळं. तिला आधी कळेना. मग कळलं, आणि चेहरा उतरला. "म्हणजे आता शशीआजी नाही भेटणार? माझ्यामुळे?"

परत माझ्यामुळे. मी म्हटलं, "गाडी चालू कर, उशीर होतोय. घरी कुणी नाही, भात लावायचाय."

तिनं चालू केली. पूर्ण रस्ता बैलगाडीच्या चालीनं आणलं मला, मागून लोक भोंगे वाजवत होते. आमच्या उतारावर आलो तेव्हा तिनं श्वास रोखून धरला. मीही धरला, पण वेगळ्या कारणानं. मला वाटलं, जरा घसरली तर बरं. घसरली नाही. ऊन होतं, रस्ता कोरडा. विकायचा कागद मी वाटेतच काढून पर्समध्ये टाकला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवरच हे लिहितेय, म्हणून कागदाला चिकटपट्टी आहे.

दुसऱ्या दिवशी अतुलला वकिलाला फोन करायला लावला. रिपोर्टात दुरुस्ती करायला डॉक्टरीणबाई परत पडद्यावर आल्या, नीनाही. मी स्वप्न सांगितलं, आता काय लपवायचं. नीना सांगता सांगता मध्येच थांबली, म्हणाली, "एक मिनिट हं," आणि चष्मा पुसला. तिचीही बहीण कुठेतरी असणार. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मनाच्या आघाताचं पान काढून टाकलं. मनगट तेवढं राहिलं. मी सही केली, देवनागरीत, ऐसपैस. अतुल दोन दिवस फुगून होता. "आई, तू स्वतःची केस स्वतः पाडलीस." म्हटलं, "अरे, मला इतकं बरं वाटलं त्याचे पैसे मी कुणाकडून कशाला घेऊ? उलट त्या व्हॅनवाल्या पोराला जाकीट परत द्यायचं राहिलंय." ते अजून माझ्याच कपाटात आहे. धुऊन ठेवलंय.

स्वप्न त्या दिवसापासून बंद झालं. पहाटे जाग येते, खिडकीबाहेर पक्षी, बाकी काही नाही. आई खरं सांगत होती. पहिले दोन दिवस मी परत डोळे मिटून पडून राहिले, तू कदाचित मागच्या दारानं येशील म्हणून. नाही आलीस.

काल गुरुवार. दिया आली, गाडीनं. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर फोन माझ्यापुढे धरला. ऑक्टोबरातली सुट्टी घेतलीय तिनं. दोघींची तिकिटं. म्हणाली, "आजी, तिकडे मी ड्राइव्ह नाही करणार. तिकडे सगळे वेडे चालवतात. आपण एस.टी.नं जाऊ." मी म्हटलं, "तू एस.टी. बघितलीयस का कधी?" म्हणाली, "नाही. पण तू त्यातूनच आलीस ना मला घ्यायला."

आता हे तुला लिहिलं, म्हणजे फळ राहिलं असलं तर तेही गेलं. स्वप्नाच्या भरवशावर राहू नकोस. उंबऱ्याच्या आत काय आहे ते मी एकदाही बघितलेलं नाही. ओट्यावर असशील तर आमच्याकडे बघ. आमटी आम्ही पोचल्यावरच गरम कर, आणि दियाला तिखट चालत नाही, ते लक्षात ठेव.

तुझी
गिरिजाक्का